वेब डॉट एक्सएमएल कुठे गेली?

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातला (आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचं) एखादा प्रबंध तुम्ही शोधगंगेवर उघडला असेल, तर त्याच्या पत्त्यात 10603 हा आकडा पाहिला असेल. शोधगंगा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची आणि तिच्या पोटात डीस्पेस ही प्रणाली. एमआयटी आणि एचपीने ती 2002 मध्ये खुली केली. ती जावात लिहिलेली आहे, म्हणजे आलेल्या विनंतीला उत्तर देणारे सर्व्हलेट तिथे आलेच. आता प्रश्न असा, की कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जाणार, हे लिहून ठेवायचं कुठे? साधा वाटतो, पण याच एका प्रश्नावर वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास वाचता येतो.

सर्व्हलेट 1997 चे, सन कंपनीचे. 1999 मध्ये 2.2 आवृत्ती आली आणि तिने वेब डॉट एक्सएमएल ही फाइल पक्की केली. कल्पना अशी होती: प्रोग्रॅमर कोड लिहील, वॉर फाइल बांधून देईल; सर्व्हर चालवणारा माणूस वेगळा, तो फाइलीत पत्ते बदलून घेईल. म्हणजे ही फाइल नुसती तांत्रिक सोय नव्हती, त्यात कामाची वाटणी लिहिलेली होती. पण लहान कॉलेजात हे दोघे बहुतेक वेळा एकच असतात! मग एकाच माणसाने दोन ठिकाणी लिहायचं आणि दोन्हीकडे जुळवत बसायचं.

दुसरी वाट तेव्हाही होती. ग्रेग विल्किन्स यांचा जेटी 1995 पासूनचा. त्यात सर्व्हरच आपल्या प्रोग्रॅममधला एक ऑब्जेक्ट: तयार करा, त्याला सर्व्हलेट आणि पत्ता द्या, सुरू करा. म्हणून "आधी एक्सएमएल, मग कोड" अशी सरळ रेघ कुणी काढून दाखवली तर लगेच मान्य करू नका.

डिसेंबर 2009 च्या सर्व्हलेट 3.0 ने कोडमधून नोंदणी प्रमाणात आणली आणि वेब डॉट एक्सएमएल ऐच्छिक झाली. ऑक्टोबर 2012 मध्ये स्प्रिंगच्या तक्रार-नोंदवहीत, वेगळा सर्व्हर न लावता वेब अॅप्लिकेशन चालवता यावं, अशी मागणी आली. एप्रिल 2014 मध्ये स्प्रिंग बूट 1.0 आलं, टॉमकॅट पोटात घेऊन.

इथली गंमत नीट बघा. 3.0 ने सर्व्हर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या वर्गांची सोय दिली होती. स्प्रिंग बूटने आतल्या सर्व्हरमध्ये ती मुद्दाम चालू ठेवली नाही. वॉरसाठी लिहिलेली परकी लायब्ररी मध्येच जागी होऊन गोंधळ घालेल, अशी धास्ती. त्याऐवजी सर्व्हलेट-रजिस्ट्रेशन-बीन नावाची स्वतःची वस्तू दिली. नवं प्रमाण आलं म्हणजे सगळे तेच वापरू लागले, असं होत नाही.

डीस्पेसमध्ये हा बदल 2021 च्या सातव्या आवृत्तीत दिसतो. आधी ओएआय, स्वोर्ड वगैरे वेगवेगळी वेब अॅप्स होती, प्रत्येकाची आपली वेब डॉट एक्सएमएल. सातव्यात सगळं एका सर्व्हर अॅपमध्ये आलं. स्वोर्डचे सर्व्हलेट आता जावाच्या एका कॉन्फिगरेशन वर्गात नोंदवले जातात, आणि सेटिंगमध्ये स्वोर्ड बंद असेल तर नोंदणीच होत नाही.

संशोधक म्हणून तुमची पंचाईत इथे सुरू होते. जुनी फाइल उघडली की पत्ते समोर. नव्या कोडमध्ये पत्ता एका चलातून येतो, चल सेटिंगमधून, आणि सेटिंग त्या-त्या संस्थेच्या सर्व्हरवर. गिटवरचा कोड वाचून "या ग्रंथालयात अमुक सेवा चालू होती" असं लिहिलंत, तर परीक्षक पुरावा मागणारच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात (स्थापना 1927) जुने कागद हाताळलेल्यांना हे नवं नाही: नियम काय होता हे एका कागदावर, प्रत्यक्ष काय घडलं हे दुसऱ्याच दप्तरात.

तेव्हा कोडसोबत सेटिंगची फाइल मागा, तारखेसह. सर्व्हर सुरू होताना लॉगमध्ये सर्व्हलेट आणि पत्ते उमटले असतील, तर तोही मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी लॉग ठराविक दिवसांनी पुसला जातो, म्हणून ग्रंथपालांना पत्र द्यायचं ते याच आठवड्यात द्या.