भाडेकरारातली तिसरी सही

सायगॉन पडलं त्याच्या आदल्या दिवशीचा, 29 एप्रिल 1975 चा, एक फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकलंय आणि खालून शिडीवर माणसांची रांग लागली आहे. ही गच्ची अमेरिकी वकिलातीची, असं कित्येक वर्तमानपत्रांनी छापलं आणि अजूनही अधूनमधून छापलं जातं. प्रत्यक्षात ती जा लाँग रस्त्यावरच्या 22 नंबरच्या पिटमन इमारतीची. तिथे अमेरिकी सरकारी नोकर फ्लॅटमध्ये राहत होते. रस्त्याचं नाव आता ली तू च्रोंग झालं आहे, इमारत जागेवर आहे. वीस-एक वर्षं या शहरात घरं भाड्याने घेणाऱ्या अमेरिकेचा मुक्काम असा एका बिऱ्हाडाच्या गच्चीवरून हलला. सायगॉनमधल्या, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीतल्या, परदेशी बिऱ्हाडांची गोष्ट सांगताना सहसा दोनच पात्रं रंगवली जातात: खिसा गरम असलेला गोरा भाडेकरू आणि तो खिसा ओळखून भाव सांगणारा घरमालक. परदेशी माणसं ठरावीक कोपऱ्यांत एकवटली याचा दोषही त्यांच्या नाक मुरडण्याला दिला जातो. माझ्या मते या करारावर राज्यकर्त्याची तिसरी सही कायम होती. परदेशी कुटुंब कुठे राहणार आणि मुळात कुटुंब म्हणून राहणार की नाही, हे त्या सहीने जितकं ठरवलं तितकं आवडीनिवडीने किंवा बाजारभावाने ठरलेलं नाही.

फ्रेंचांनी 1859 मध्ये सायगॉन घेतलं आणि तीनच वर्षांत कॉफिन नावाच्या लष्करी इंजिनिअरने पाच लाख वस्तीच्या शहराचा नकाशा आखून दिला. तेवढी माणसं कुठे होती म्हणा! जमिनीचे प्लॉट पाडून सरकारने लिलावाने विकायला काढले, आणि पुढच्या काही दशकांत या शहराचे मोठे घरमालक झाले तेही बाहेरचेच. हुइ बोन होआ (1845-1901) हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला चिनी. त्याच्या घराण्याकडे वीस-तीस हजार घरं होती असं सायगॉनचे लोक सांगत आले. आकड्यात दंतकथेची भर असेल, पण या कुटुंबाचा वाडा इतका मोठा की आज त्यात शहराचं ललितकला संग्रहालय आहे. दुसरे मालक आपल्याकडचे, तमिळनाडूचे नाट्टुकोट्टै चेट्टियार. धंदा सावकारीचा, कर्ज थकलं की तारण ठेवलेली जमीन किंवा घर त्यांच्या नावावर चढे. त्यांचं मुरुगनाचं देऊळ तेव्हाच्या ओहिए रस्त्यावर अजून उभं आहे. म्हणजे घरमालक परका, भाडेकरू परका आणि राज्यही परक्याचं. तरी तिसरी सही सगळ्यांना सारखी नव्हती. गावात उतरलेल्या चिनी माणसाला आधी आपल्या बोलीच्या मंडळीत नाव नोंदवावं लागे, आणि त्याच्या कराची, वागणुकीची हमी त्या मंडळीचा मुखिया सरकारला देई. फ्रेंच नागरिकत्व मिळालेल्या पुदुच्चेरीच्या तमिळ कारकुनाला ही अट नव्हती. गोरा दोघांतला कोणीच नव्हता, कागद मात्र वेगळा.

इथे कोणी म्हणेल की गोऱ्यांनी झाडांच्या सावलीतला बंगल्यांचा भाग स्वतःसाठी राखला तो निव्वळ वंशाच्या ताठ्याने, त्यात सहीचा काय संबंध? ताठा होताच. पण त्या काळात ताठा करणारा आणि नियम करणारा एकच होता, त्यामुळे आवड कुठे संपली आणि हुकूम कुठे सुरू झाला हे वेगळं काढता येत नाही. परदेशी माणूस जेव्हा भाडेकरू आहे पण कागदोपत्री राज्य दुसऱ्याचं आहे, अशा काळात हे तपासून पाहायला हवं.

तो काळ अमेरिकनांचा. 1960 च्या सुरुवातीला सल्लागार आणि अधिकारी सहकुटुंब सायगॉनमध्ये राहत होते, त्यांची मुलं तिथल्याच शाळेत जात होती. फेब्रुवारी 1965 मध्ये प्लेकूच्या तळावर हल्ला झाला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सगळ्या बायकामुलांना मायदेशी परत बोलावलं. सुमारे 1,800 माणसं काही दिवसांत शहर सोडून गेली. घरं रिकामी राहिली नाहीत, उलट सैन्य वाढलं तशी हॉटेलंच्या हॉटेलं अधिकाऱ्यांची वसतिगृहं म्हणून भाड्याने उचलली गेली आणि भाडी अशी चढली की व्हिएतनामी मध्यमवर्गाला स्वतःच्या गावात जागा परवडेना. हा बाजाराचा पुरावा म्हणून नेहमी दाखवला जातो, आणि तो खराही आहे. पण बाजाराने वाढवलेली ही वस्ती कमी केली ती बाजाराने नव्हे. 1967 मध्ये महागाई आणि लोकांचा संताप पाहून लष्कराने आपली माणसं शहराबाहेर लाँग बिन्हच्या तळावर हलवायला घेतली. मोहिमेचं नाव ‘मूस’, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं थोराड सांबर. ‘सायगॉनमधून झटपट निघा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. खिशात डॉलर तेवढेच होते, घरमालकही तयार होते, पण हुकूम आला आणि बिऱ्हाडं हलली.

1975 नंतर खाजगी करार उरलाच नाही. पळून गेलेल्यांची घरं ‘मालक हजर नाही’ म्हणून सरकारकडे गेली, व्यापाऱ्यांवरच्या 1978 च्या मोहिमेत आणखी गेली. 1 जुलै 1991 पूर्वी सरकारने ताब्यात घेतलेली घरं परत मागता येणार नाहीत, हे राष्ट्रीय सभेने 2003 मध्ये ठरावच करून सांगितलं. एकेका बंगल्यात चार-पाच कुटुंबं, जिन्याखाली स्वयंपाक, अशी मांडणी झाली. परदेशी होते ते मुख्यतः सोव्हिएत तज्ज्ञ, आणि त्यांची सोय सरकार लावी. व्हुंग ताउमध्ये तेलाच्या कामावरच्या रशियन कुटुंबांसाठी पाचमजली इमारतींची वेगळी वसाहतच झाली. डिसेंबर 1986 मध्ये ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आलं, पुढच्या वर्षी परकीय गुंतवणुकीचा कायदा झाला, कंपन्यांचे साहेब आले आणि हॉटेलच्या खोल्यांत राहू लागले. सामान्य घरमालकाला परदेशी कुटुंब ठेवायचं तर आधी परवाना लागे. सरकारी घरात राहणाऱ्यांना ते घर विकत घेण्याची मुभा 1994 मध्ये मिळाली. आज परदेशी भाडेकरूला किल्ली देणारी वयस्क बाई बहुतेकदा या पहिल्या पिढीची मालकीण असते. तिच्या तरुणपणी घराची किंमत सोन्याच्या ‘लुओंग’मध्ये, म्हणजे साडेसदतीस ग्रॅमच्या मापात, सांगितली जाई.

याच वेळी शहराच्या दक्षिणेला दलदल भरून फू मी हुंग उभं राहायला लागलं. 1993 ची ही भागीदारी: तैवानी कंपनीचा पैसा आणि नगर प्रशासनाच्या कंपनीकडून जमीन. 17.8 किलोमीटरचा रुंद रस्ता आधी, घरं नंतर. आज तिथल्या पाट्या कोरियनमध्येही आहेत. आक्षेप असा येतो की कुटुंबं शाळेमागे जातात. आंतरराष्ट्रीय शाळा तिथे निघाल्या म्हणून लोक गेले, सरकारचा हात कशाला शोधायचा? पण शाळेला मैदानासकट जागा लागते, आणि ज्या देशात जमीन सगळ्या जनतेची नि कारभार सरकारचा, तिथे ती जागा कुठे मिळेल हे आधी सरकारच ठरवतं. माझ्या मुद्द्याला खरी अडचण आहे ती नदीकाठच्या थाओ दिएनची. तिथे एवढी आखणी नव्हती. बागा विकल्या गेल्या, बंगले आले, मागोमाग युरोपीय कुटुंबं आली. गल्ल्या अशा की भरतीला नदीचं पाणी चढलं की महागड्या बंगल्याच्या फाटकापाशी स्कूटर हाताने ढकलत न्यावी लागते. हा भाग बाजाराने घडवला हे मान्यच करायला हवं. पण परवान्याची अट सैल झाली नसती तर हा बाजार भरलाच नसता.

भाडेकरूची नोंद तर पुण्यातही पोलिसांकडे करावी लागते, आणि परदेशी पाहुणा उतरला तर भारतातही चोवीस तासांत फॉर्म भरावा लागतो. मग व्हिएतनामचं वेगळं काय? आजच्या घडीला फारसं वेगळं नाही. वॉर्डाच्या पोलिसांना बारा तासांत कळवायचं, पासपोर्टची प्रत द्यायची, की ‘ताम त्रू’ म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याची नोंद झाली. फरक मागच्या वाटेचा आहे. आपल्याकडे फॉर्म घर घेतल्यावर येतो. तिथे एका अख्ख्या पिढीला आधी कागद आणि मग घर याची सवय लागली होती. मालकीचं दारही असंच मोजून उघडलं. 2009 पासून पाच वर्षं प्रयोग झाला, त्यात अगदी थोड्यांनी फ्लॅट घेतले. 2014 च्या कायद्याने मुभा वाढवली, पण एका इमारतीतले जास्तीत जास्त 30 टक्के फ्लॅट, आणि तेही 50 वर्षांसाठी. म्हणून बहुतेक परदेशी कुटुंबं अजून भाड्यानेच राहतात. भाडं डॉलरमध्ये लिहायला कायद्याची मनाई आहे. दलाल तोंडाने हजार डॉलर सांगतो, फोनवर त्या दिवसाचा दर बघतो आणि करारात आठ आकडी रक्कम मांडतो: अडीच कोटी डोंगच्याही वर. दोन महिन्यांची अनामत मोजून होते, मालकीणबाई पासपोर्टचा फोटो काढते, आणि संध्याकाळच्या आत तो वॉर्डाच्या पोलिसांकडे पाठवते.