टेन्स पाठ, पण तोंड बंद : आपल्या इंग्रजीचा इतिहास

कळंब, भूम, परंडा, उमरगा, सगळीकडून एकच प्रश्न येतो. "दादा, बारा टेन्स पाठ आहेत, पण समोरच्याने साधं 'हाऊ आर यू' विचारलं तरी तोंड उघडत नाही. व्याकरण अजून करू का बोलण्याचा क्लास लावू?"

या प्रश्नावर पोरांच्या नोकऱ्या अडतात. माझ्या बरोबरचा एक मित्र कोडिंगच्या परीक्षेत वर्गात पहिला होता. पुण्यात एका कंपनीच्या शेवटच्या फेरीत त्याला स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला सांगितली आणि तो तिथेच थांबला. मुलगा हुशार, लेखी इंग्रजीत पैकीच्या पैकी. मग अडलं कुठे? माझ्या मते याचं उत्तर इतिहासात आहे. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

६ जानेवारी १८३२. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र म्हणून आपण ते सामान्यज्ञानासाठी पाठ करतो, पण त्याच्या पानावर दोन रकाने असायचे, एक इंग्रजी आणि एक मराठी. तोच मजकूर शेजारी शेजारी. म्हणजे बातमी वाचता वाचता इंग्रजीचाही अभ्यास व्हायचा.

चारच वर्षांनी, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. आता ही गंमत नीट ऐका. संस्कृतच्या जुन्या परंपरेत, यास्काच्या निरुक्तात, शब्दांचे प्रकार चारच आहेत : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. मग आपण शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकतो, त्या आल्या कुठून? त्या काळी लिंडली मरी यांचं १७९५ चं इंग्रजी व्याकरण सगळीकडे चालायचं, आणि दादोबांसमोरही इंग्रजी व्याकरणाचाच नमुना होता. मरीच्या पुस्तकात शब्दांच्या नऊ जाती आहेत. त्यातली पहिली आर्टिकल, म्हणजे अ, अ‍ॅन, द. मराठीत आर्टिकल नाही. नवातून एक वजा करा, राहिल्या आठ. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी.

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्या लेकराकडे इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा आधीच असतो. आणि जी एक जात वजा झाली, तिथेच आपण आजही सगळ्यात जास्त अडखळतो.

पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली आणि कित्येक पिढ्यांनी तिच्यावरच इंग्रजी शिकलं. पद्धत सरळ : एक नियम, थोडे शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करा आणि इंग्रजीचं मराठी. त्या काळाच्या कामाला ही पद्धत बरोबर बसली. कचेरीतल्या कारकुनाला अर्ज वाचायचा, पत्राचा मसुदा करायचा, हिशेब लिहायचा. साहेबाशी गप्पा मारायची वेळ क्वचितच यायची. ती गरज लेखणीची होती, आणि पद्धतही लेखणीची झाली.

पण हे सगळं मुंबई-पुण्याकडचं. तेव्हा आपला जिल्हा कुठे होता? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेजारची बार्शी आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आणि आपण हद्दीच्या या बाजूला. धाराशिवचं उस्मानाबाद झालं तेही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून. इथे सरकारदरबारी १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू आली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, त्याचं माध्यमही उर्दू. पाठ्यपुस्तकं उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर विभाग होता. इंग्रजी सक्तीचा विषय होती, पण विषय म्हणूनच. म्हणजे आपल्याकडच्या मराठी मुलाला इंग्रजीपर्यंत पोचायला मधे अजून एक भाषा ओलांडावी लागायची.

याच काळात हिप्परग्याला, आजच्या लोहारा तालुक्यात, राष्ट्रीय शाळा उभी राहिली. व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक होते. हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. त्या लढ्याच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक १९६७ साली निघालं, आणि ते इंग्रजीत आहे. आपली गोष्ट देशभर पोचवायला त्यांनी इंग्रजी वापरली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६४ च्या राजभाषा कायद्याने कारभाराची भाषा मराठी झाली. माझे आजोबा गणित उर्दूत शिकले. ते आयुष्यभर पाढे मराठीत आणि हिशेब उर्दूत करायचे. वडिलांनी एबीसीडी पाचवीत गिरवली, कारण तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होती. २००० सालापासून ती पहिलीपासून झाली, आणि मी त्या सुरुवातीच्या तुकड्यांमधला. एका घरात तीन पिढ्या, आणि पोटापाण्याची भाषा दर पिढीला थोडी बदललेली. आजोबांच्या उर्दूचा वडिलांना नोकरीत उपयोग झाला नाही. वडिलांच्या पाचवीपासूनच्या इंग्रजीवर माझं भागलं नसतं.

इयत्ता बदलली, पद्धत मात्र तीच राहिली. नियम, फळ्यावरचा तक्ता, रिकाम्या जागा भरा, भाषांतर करा. शिक्षकांना दोष देऊन उपयोग नाही. तेही तसंच शिकले, आणि गावात त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारं दुसरं होतं कोण? मॅन्युअल अख्खं पाठ केलं, पण प्रोग्रॅम एकदाही चालवून बघितला नाही, अशी आमच्या भाषेत गत. नोकरीची गरज लेखणीवरून जिभेवर आली, शिकवणं लेखणीवरच राहिलं.

आता कोणी म्हणेल, खेड्यातल्या पोरांना भाषा जमतच नाही. हे मात्र साफ खोटं. तुळजापूरला जा. कर्नाटक-तेलंगणातून भवानीच्या दर्शनाला माणसं येतात, आणि पूजेचं साहित्य विकणारा माणूस कानडी-तेलुगूत भाव सांगतो, घासाघीस करतो, हसवतो. त्याने कानडीचा एकही तक्ता पाठ केलेला नाही. उमरग्याकडे तर घरोघर दोन भाषा सहज चालतात. कान आणि गरज असली की आपली माणसं बोलतात.

तर व्याकरण की बोलणं? बोलणं आधी सुरू करा, आणि जिथे अडेल तिथे व्याकरणाला विचारा. सुरुवातीला तीनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली, क्रियापदाची जागा. आपण म्हणतो 'मी चहा पितो', क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'आय ड्रिंक टी', क्रियापद मधे. कोण, काय करतो, काय. हा क्रम जिभेवर बसवा.

दुसरी, प्रश्न. 'तू चहा पितोस का?' यातला 'का' आपल्याकडे शेवटी येतो. इंग्रजीत त्याचं काम 'डू' करतो आणि तो सुरुवातीला बसतो : 'डू यू ड्रिंक टी?' तो, ती किंवा एका माणसाचं नाव आलं की 'डझ'. 'का' उचलून पुढे ठेवायचा, एवढंच डोक्यात ठेवा.

तिसरी, ती वजा झालेली जात. 'आय बॉट अ बुक. द बुक इज गुड.' ऐकणाऱ्याला पहिल्यांदा सांगताय, तर 'अ'. त्याला आता माहीत आहे कोणतं पुस्तक, तर 'द'. याला पुढे बरेच अपवाद भेटतील, पण रोजच्या बोलण्यात सुरुवातीला एवढ्यावर चालतं. आणि आर्टिकल चुकलं म्हणून वाक्य अर्धवट सोडू नका. समोरच्याला अर्थ कळतोच.

रोज पाच वाक्यं मोठ्याने बोला. सकाळी काय खाल्लं, कुठे चाललाय, काय काम आहे. मराठीत वाक्य जुळवून मग त्याचं भाषांतर करत बसू नका, कारण ती कारकुनाची सवय. जमलं तर एक जोडीदार शोधा. एस.टी.त शेजारी बसणारा मित्रही चालेल. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मग उलट. लोक बघतील, दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल. त्यांनाही आणि तुम्हालाही.

पुढच्या भागात भूतकाळाची वाक्यं घेऊ. 'आय गो' चं 'आय वेंट' का होतं, त्याचीही एक जुनी गोष्ट आहे. तोवर तुमची पाच वाक्यं आवाजात रेकॉर्ड करून ठेवा आणि महिन्याने पुन्हा ऐका. भेटू.