प्रवेशपरीक्षा, प्रांतसीमा आणि भाषा : रायपूरचे उदाहरण

तांत्रिक पदवीची निवड वरकरणी वैयक्तिक वाटते. रायपूरचा इतिहास मात्र तिच्यामागील भूमी, सीमा आणि भाषा यांचे नाते उघड करतो. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी रायपुरात खनिकर्म व धातुशास्त्र या विषयांच्या शासकीय महाविद्यालयाची कोनशिला बसली. जवळच भिलाईचा पोलाद कारखाना आकार घेत होता. अभ्यासशाखा प्रदेशातील खनिजांनी ठरविल्या होत्या.

२००५ मध्ये या संस्थेला राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला. अखिल भारतीय परीक्षेतील गुणानुक्रम शाखा ठरवू लागला. २०२१ मध्ये जेईई (मुख्य) परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध झाली. परंतु महाराष्ट्रातील केंद्रांपुरतीच. कापडबाजारासाठी ख्यात असलेल्या रायपूरच्या पंडरीतील मराठी परीक्षार्थ्याला ती मिळणे शक्य नव्हते. १९५६ची सीमारेषा अशी प्रश्नपत्रिकेवर उमटली. बृहन्महाराष्ट्रात मराठी घरात टिकते, ज्ञानव्यवहारातून वजा होते; तेथील साहित्याच्या तौलनिक अभ्यासात ही वजाबाकीही विचारात घ्यावी लागेल.