संगणकप्रणाली-बदल : भोर व वेल्हे
संगणकप्रणाली-बदल : एका परिचालन प्रणालीची सवय असलेल्या व्यक्तीस दुसऱ्या प्रणालीवर काम सुरू करताना माउस चालविणे, फाइल उघडणे, तिची प्रत काढणे, ती हलविणे, पुसणे व परत मिळविणे या मूलभूत क्रिया नव्याने शिकाव्या लागतात. हे शिक्षण वरकरणी किरकोळ वाटते. तथापि ज्या प्रदेशात जमिनीचा हक्क कागदावरून सिद्ध करावा लागतो, तेथे त्याला विशेष महत्त्व आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचे राजगड) हे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील डोंगरी तालुके असा प्रदेश होत.

पूर्वपीठिका : दप्तराची पद्धत बदलण्याचा अनुभव या भागास जुना आहे. भोर संस्थान पंत सचिवांच्या घराण्याचे. अष्टप्रधानांतील सचिव वा सुरनीस याच्याकडे राजपत्रांची तपासणी व महालांचे हिशेब पाहण्याचे काम असे. शंकराजी नारायण यांना हे पद राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत मिळाले. त्या काळचे दप्तर मोडी लिपीत लिहिले जाई. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडीचे शालेय शिक्षणही मागे पडले. भाषा मराठीच राहिली, परंतु लिपी बदलल्याने आजोबांचे खरेदीखत नातवाला वाचता येईना. त्यासाठी मोडीच्या जाणकाराकडे जावे लागले. नोंद शाबूत असूनही ती वाचण्याची रीत हरवणे हीच प्रत्येक प्रणाली-बदलातील मुख्य अडचण होय.

माउसचा उदय : डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला लाकडी माउस तयार केला, त्याचे जाहीर प्रात्यक्षिक १९६८ मध्ये झाले. झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ (१९८१) या संगणकाने पडद्यावर कागद, फोल्डर व टेबल यांची चित्रे आणली. ‘मॅकिंटॉश’ (१९८४) व ‘विंडोज ९५’ यांमुळे ही पद्धत सर्वत्र पसरली. तत्पूर्वी डॉस प्रणालीत प्रत काढण्यास वा फाइल पुसण्यास आज्ञा टंकलिखित करावी लागे. आज्ञा पाठ करण्याऐवजी चित्रावर टिचकी मारणे, हा पहिला मोठा बदल होता.

महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाद्वारे शहरांप्रमाणे तालुक्यांच्या गावीही संगणकसाक्षरता पोहोचली. हे शिक्षण प्रामुख्याने विंडोजवर झाले. त्यामुळे अनेकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज असे समीकरण बसले. सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांसह उपलब्ध केली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ चा सर्वसाधारण आधार संपल्यावर, नवी आवृत्ती न चालणाऱ्या जुन्या यंत्रांसाठी लिनक्सचा पर्याय पुन्हा पुढे आला.

क्रियांतील भेद : खिडकी बंद करण्याचे चिन्ह विंडोजमध्ये उजवीकडे, तर मॅकमध्ये डावीकडे असते. लिनक्सवरील केडीई या पडदारचनेत फाइल एकाच टिचकीने उघडण्याची रीत दीर्घकाळ मूळ मांडणीत होती. २०२४ च्या सहाव्या आवृत्तीत तिची जागा दुहेरी टिचकीने घेतली. असे भेद काही दिवसांत हाताला सरावाचे होतात. ज्यांत हानी संभवते, ते भेद निराळे. एकाच नावाचे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी उतरविल्यास विंडोज दोहोंतील फाइली एकत्र करते. मॅकमध्ये ‘बदला’ असे उत्तर दिल्यास आधीचे फोल्डर त्यातील मजकुरासह जाते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजच्या कचरापेटीत सहसा जात नाही. मॅकवर मात्र ती त्याच पेनड्राइव्हवरील लपलेल्या पेटीत राहते व जागा अडविते. लिनक्समध्ये नावातील लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात, त्यामुळे एकाच कागदाच्या दोन फाइली शेजारी नांदू शकतात.

मराठी मजकुराची स्थिती : युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली असता निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. मोडी दस्तासारखीच ही अवस्था आहे : मजकूर आहे, पण वाचता येत नाही. याउलट इन्स्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर मिळतो. तो शिकलेल्याची बोटे प्रणाली बदलली तरी अडत नाहीत. प्रमाणीकरणाचा लाभ यातून स्पष्ट होतो.

महत्त्व : महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. मूळ नोंद शासकीय सर्व्हरवर असल्याने एखाद्या यंत्राची प्रणाली बदलल्याने तिला बाध येत नाही. परंतु मोजणीचा नकाशा, जुन्या खताची छायाप्रत, वारसांचे अर्ज अशा खाजगी फाइली खातेदाराच्या वा सेवाकेंद्राच्या यंत्रावरच असतात. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावाहून तालुक्यास येणाऱ्या शेतकऱ्यास अशी एक फाइल हरवणे म्हणजे पुन्हा हेलपाटा, आणि मूळ कागद जीर्ण असल्यास कायमचे नुकसान.

यावरून शिक्षणाची दिशा ठरते. बटणाची जागा पाठ केलेला विद्यार्थी प्रणाली बदलताच अडखळतो. फाइल कोठे आहे, प्रत काढणे व हलविणे यांत फरक काय, पुसलेले कोठे जाते, हे तीन प्रश्न विचारावयास शिकलेला विद्यार्थी थोड्या सरावाने कोणत्याही प्रणालीवर स्थिरावतो. नव्या यंत्रावर प्रथम निरुपयोगी फाइल घेऊन या क्रिया करून पाहाव्यात व मूळ कागदांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी, हा त्यातील व्यावहारिक नियम होय.