आधी लदीन, मग वाद

विरार लोकलमधून वसई रोडला उतरा. हो, आरामात उतरा. मागून कुणी ढकलणार नाही, कारण तुम्ही 1970च्या मे महिन्यात उतरताय. पालघर जिल्हा अजून जन्माला यायचाय, त्यामुळे पत्ता विचारलाच कुणी, तर ठाणे जिल्हा म्हणा. मोबाइल खिशात खोल दडवा आणि समोरची एसटी पकडा.

एसटीत पाय ठेवताच वास येतात. मुंबईच्या बाजारात भाजी-फुलं विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्यात. लाल लुगडी गुडघ्यापर्यंत, गळ्यात क्रूस, कपाळावर घामाने चिकटलेले केस. टोपल्यांच्या तळाशी कोमेजलेला मोगरा, विड्याच्या पानांचा उग्र दर्प आणि कुणीतरी येताना घेतलेलं सुकट. खिडकीतून खारा वारा आत येतो आणि घाम वाळवायच्या ऐवजी आणखी चिकट करतो. बायका जे बोलतात ते तुम्हाला अर्धंच कळेल. ती इथली सामवेदी बोली आहे. पुढचे संवाद मी तुमच्यासाठी पुस्तकी मराठीत आणलेत, तेवढी मोडतोड चालवून घ्या.

गिरीजला उतरा आणि भुईगावच्या दिशेने चालू लागा. रस्त्यावरची धूळ दिवसभर भाजून निघालीय, चपलेतूनही चटका लागतो. पण वाडीच्या कुंपणाआड वळलात की एकदम गारवा. नुकतंच शिंपण झालंय. पाटातलं पाणी केळीच्या बुंध्याशी डबडबतंय, ओल्या मातीचा आणि कुजत्या केळफुलाचा वास नाकात बसतो. लांब कुठेतरी रहाट कुरकुरतोय, त्याच्याही पलीकडे ऑइल इंजिनचं फटफट चाललंय. डास तुम्हाला लगेच ओळखतात. नवं रक्त!

वाडीच्या तिठ्यावर चुन्याने रंगवलेला क्रूस आहे. आज त्याला मोगऱ्याचे आणि झेंडूचे हार घातलेत. आज लदीन आहे, क्रुसापुढची सामुदायिक प्रार्थना.

कुणीतरी तुमच्या हातात मेणबत्ती देतं. कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही; पाहुणा म्हटल्यावर मेणबत्ती आलीच. गॅसबत्तीचा भुसभुस आवाज, तिच्याभोवती किड्यांचा ढग, आणि गुडघ्याखाली खडी. टेका, टेका, सगळे टेकतायत. लाल टोपी काढून हातात धरलेले एक आजोबा खड्या आवाजात लॅटिनमधून मरियामातेचं एकेक बिरुद उचलतात आणि सगळी वाडी एका दमात त्याला उत्तर देते. लेकरं, म्हातारी, खांद्यावर तान्हं घेतलेली बाई, सगळ्यांना पाठ. अर्थ कुणालाच माहीत नाही. तुम्ही नुसते ओठ हलवा, कुणाच्या लक्षात येणार नाही. मेणाचा एक थेंब तुमच्या मनगटावर पडेल, तेवढा सोसा.

आता उठा. गुडघे झाडा. केळीच्या पानाच्या तुकड्यावर उकडलेले चणे येतायत, खोबऱ्याचे तुकडे घातलेले, गरम. पुरुषांच्या हातात छोटे पेलेही दिसतील. राज्यात दारूबंदी आहे, त्यामुळे पेल्यात काय आहे ते आपण विचारायचं नाही.

लदीन संपली की चणे, आणि चण्यांबरोबर वाद. मला विचाराल तर लदीनीइतकीच गर्दी या दुसऱ्या भागाला असते.

पहिली ठिणगी टाकतो तो ट्रक चालवणारा. त्याच्या गळ्यात संत ख्रिस्टोफरचं पदक आहे, प्रवाशांचा रखवालदार. "रोमने याला कॅलेंडरातून काढला म्हणे. आता घाटात ब्रेक गेला तर हाक कुणाला मारू?" हशा पिकतो. शिकलेला एक मास्तर समजावतो की काढलेला नाही, गेल्या वर्षीच्या नव्या यादीत त्याचा सण सगळ्या जगाने पाळायची सक्ती तेवढी उठली. ज्याला पाळायचा त्याने पाळावा. ट्रकवाला पदक कुडत्याच्या आत सारतो. "मग मी पाळतो." हा वाद एवढ्यातच मिटतो. संतापेक्षा ब्रेकची काळजी मोठी.

मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा वाद मात्र जुना आहे आणि दर वेळी नव्याने तापतो. रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या महासभेने परवानगी दिल्यापासून चर्चमध्ये लॅटिन जाऊन मराठी आली. आधी धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ फिरवून पुटपुटत. आता वेदीमागे उभे राहून ते थेट तुमच्या डोळ्यांत बघतात. "त्यामुळे डुलकी काढायची सोय गेली," कुणीतरी म्हणतं. एक आत्या चण्याचं साल थुंकत म्हणते, "लॅटिन कळत नव्हतं हे खरं. पण ही पुस्तकातली मराठी तरी आपल्या घरात कोण बोलतं?" यावर मास्तरांकडे उत्तर नाही. चणे खाण्यात ते फारच गुंग झालेले दिसतात.

इथे मुंबईच्या कॉलेजात जाणारा एक पोरगा उठतो. पातळ मिशी, टेरिलिनचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्याच्याकडे ताजी बातमी आहे. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने मागच्याच वर्षी, 1969च्या एप्रिलमध्ये मान्यता दिली. मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा चालेल. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकता येईल. जमिनीवर मांडी घालून बसता येईल, पायताण बाहेर काढता येईल. फुलं, धूप आणि दिवा घेऊन आरती करता येईल. आपल्याकडे केव्हा आणि किती हे बिशप ठरवतील, पण वाट मोकळी झाली.

"पायताण काढायचं?" आत्या हबकून विचारते. "अरे, आम्ही आठवडाभर अनवाणीच असतो. रविवारी देवळात जायचं म्हणून तर बूट घालतो, तेही काढायचे?"

पुन्हा हशा. आजोबा मात्र हसत नाहीत. ते टोपी डोक्यावर ठेवतात, म्हणजे आता बोलणार.

"समई आणायची, आरती करायची. मग आपण वेगळे कशाने?"

"लग्नात हळद लावता तेव्हा हा प्रश्न पडत नाही, आजोबा," पोरगा म्हणतो. "समई आपलीच होती. हिंदू ती धरून राहिले, आपण सोडली."

"सोडली नाही, सुटली. माझी आजी सांगायची, विहिरीवर तिला कळशी लांब ठेवायला लावायचे. बाटलेली म्हणून. ज्यांनी आपल्याला दिव्यापासून लांब केलं, त्यांच्यासारखा दिवा आता आपण हौसेने लावायचा?"

गॅसबत्तीचा आवाज अचानक मोठा वाटू लागतो. खरं सांगतो, माझा कल त्या पोराकडे आहे. पण कळशीचा हा मुद्दा त्याला त्या रात्री खोडता आलेला नाही आणि मलाही जमत नाही. पोरगा चिडतो. चिडला की माणूस घसरतो.

"निदान दिव्याचा अर्थ तरी कळतो. ही लदीन म्हणजे नुसती पोपटपंची! तुम्हाला तरी काय कळतं तिच्यातलं?"

चणे चघळण्याचे आवाज थांबतात. तुम्हीही थांबा. आत्याच्या हातातलं पान खाली येतं. "मत काय हवं ते मांड. माणसाच्या प्रार्थनेला हात लावायचा नाही. माफी माग."

पोरगा मागतो, मान खाली घालून. कान लाल झालेत. या उजेडातही दिसतं. आजोबा हातानेच 'असू दे' म्हणतात.

"कळत नाही, ते खरंच आहे. माझा बाप गेला त्या रात्री उशाशी बसून मी हीच म्हणत होतो. तेव्हाही कळत नव्हती." मग लगेच, त्याच दमात, "पण समई नको म्हणजे नको."

आणि वाद पुन्हा सुरू! उदबत्तीच्या धुराने खोकला होतो इथपासून ते संत थॉमस भारतात आले तेव्हा मेणबत्त्या घेऊन आले होते का, इथपर्यंत. ओरडतात, एकमेकांचं वाक्य मधेच तोडतात, मांडीवर थाप मारतात. पण आजोबांना कुणी अडाणी म्हणत नाही, पोराला कुणी बाटगा म्हणत नाही. म्हणून भागणारही नाही. पोराच्या केळीला पाणी आजोबांच्या विहिरीचं जातं आणि आजोबांची भाजी पहाटेच्या गाडीवर हाच पोरगा चढवतो.

शेवटी आजोबा ठरवतात की हे सगळं फादरना लेखी कळवायचं. अडचण एकच, त्यांना लिहिता येत नाही. ते पोराकडे बघतात. पोरगा खिशातून पेन काढतो. वहीचं पान फाडून त्याच्या हातात दिलं जातं. गॅसबत्ती धरायचं काम तुमच्याकडे. धरा नीट, तापलेली आहे.

"लिही. समई नको. आरती नको. मराठी मिस्सा आता झाली ती झाली, पण क्रुसापुढची लदीन आहे तशीच राहू दे. कळशीचंही लिही."

पोरगा लिहितो. एक शब्दही गाळत नाही. कळशीपाशी तर दोनदा विचारून घेतो. "कडक लिहू की मऊ?"

"कडक. खाली 'आपला आज्ञाधारक' घाल."

पोरगा पत्र मोठ्याने वाचून दाखवतो. आजोबा डोळे मिटून ऐकतात, एका जागी थांबवून शब्द बदलायला लावतात आणि अंगठा उमटवतात. मग पोरगा हळूच विचारतो, "याच्याच खाली माझंही मत लिहू का? समई हवी म्हणून?"

"लिही की," आजोबा म्हणतात. "पण पाठीमागच्या बाजूला. आणि टपालाचे पैसे निम्मे तुझे."