कुलूप करणारा आणि कुलूप उघडणारा

घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेल्या आगगाडीतून विक्रोळीच्या आसपास उजव्या हातास, रूळ आणि ठाण्याची खाडी यांच्यामध्ये, झाडीने वेढलेली कारखान्यांची जी विस्तीर्ण वसाहत दिसते, ती आज कपाटे, तिजोऱ्या आणि नाना प्रकारच्या यंत्रांसाठी सर्वविश्रुत असली, तरी तिचा उगम एका साध्या प्रतिज्ञेत आहे : किल्लीवाचून उघडणार नाही असे कुलूप करून देण्याची. अशी प्रतिज्ञा जगात यापूर्वीही पुष्कळांनी केली होती आणि ती कोणी ना कोणी मोडलीही होती. कुलपाच्या इतिहासाचे श्रेय आपण नेहमी करणाऱ्याच्या पदरात टाकतो. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा उघडणाऱ्याचा आहे, आणि तो त्याला क्वचितच मिळाला आहे.

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज (१८६८–१९३६) हे शिक्षणाने वकील. झांजीबारच्या न्यायालयात अशिलासाठी असत्याची कास धरावी लागते असे दिसताच त्यांनी सनद गुंडाळून मुंबईचा रस्ता धरला. पहिला उद्योग केला शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा. परंतु त्यांवर हिंदुस्थानात निर्माण झाल्याची मुद्रा असावी हा त्यांचा आग्रह आणि ती असता कामा नये ही खरेदीदाराची अट यांचा मेळ बसेना, आणि तो व्यवसाय बंद पडला. मग मेरवानजी कामा यांच्या कर्जाच्या आधाराने १८९७ साली लालबागेत, गॅसच्या कारखान्याशेजारच्या एका शेडमध्ये, त्यांनी कुलपे घडविण्यास प्रारंभ केला. बाजारात त्या वेळी हाती घडविलेल्या देशी टाळ्यांबरोबर विलायतेहून आलेला माल भरपूर होता. अर्देशीरांनी आपल्या 'अँकर' छापाच्या कुलपाबरोबर ते किल्लीवाचून उघडता येणार नाही अशी हमी दिली. ज्याने असत्यासाठी वकिली सोडली, त्याने अशी हमी लिहून द्यावी हे धाडसच म्हटले पाहिजे, कारण अशा हमीची विलायतेत काय गत झाली होती हे कुलपांचा अभ्यास करणाऱ्यास ठाऊक नसणे शक्य नव्हते.

ती गत सविस्तर सांगण्याजोगी आहे. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७८४ साली एका कुलपाचे पेटंट घेतले. त्याची किल्ली म्हणजे एक आखूड नळी आणि तिच्या तोंडाशी कमीअधिक खोलीच्या खाचा. ती सरळ आत दाबली की वर्तुळात उभ्या असलेल्या पट्ट्या आपापल्या खाचेच्या मापाने मागे सरत, आणि साऱ्या पट्ट्या नेमक्या जागी आल्या म्हणजेच कुलपाचा गाभा फिरत असे. एवढे सूक्ष्म काम हातांनी एकसारखे होईना, म्हणून हेन्री मॉडस्ले या तरुण यंत्रज्ञाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रे बनविली. लंडनच्या पिकाडिली भागातील ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत अठरा पट्ट्यांचे एक कुलूप ठेवलेले असे आणि ते उघडणारे साधन करून दाखविणाऱ्यास दोनशे गिनी इनाम मिळेल अशी पाटी त्यावर असे. ती पाटी साठ वर्षे अबाधित राहिली. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी लंडनला आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने प्रथम चब या इंग्रज कुलूपवाल्यांचे सुप्रसिद्ध 'डिटेक्टर' कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले आणि नंतर ब्रामाच्या कुलपाशी सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास झटून तेही उघडून दाखविले. इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली, पंचांपुढे वाद झाला, पण इनाम हॉब्जच्या पदरात पडले. त्याने काही चोरले नव्हते. कुलूपवाल्यांची निश्चिंती मात्र त्याने हिरावून घेतली, आणि त्यानंतरच्या कारागिरांना आपल्या मालाकडे चोराच्या नजरेने पाहणे भाग पडले.

लालबागच्या कारखान्यात ही नजर दिसते. तेथे झालेल्या 'डिटेक्टर' जातीच्या कुलपात परकी किल्ली घालून फिरवली की आतला दांडा अडकून बसे आणि धन्याला आपल्या किल्लीने तो मोकळा करताना कोणीतरी हात लावल्याची वर्दी मिळे. 'गॉर्डियन' नावाच्या कुलपाला दोन किल्ल्या असत. त्यांतल्या दुसरीच्या साहाय्याने आतली रचना अशी पालटता येई, की पहिली किल्ली कोणाच्या हाती लागली असली तरी ती निरुपयोगी ठरावी. नोकराने किल्लीचा ठसा घेतला असेल, ही शंका ज्या पेढीवाल्याला रात्री झोपू देत नसे, त्याला या कुलपाचे मोल कळले असणार. १९०२ पासून तिजोऱ्या होऊ लागल्या, आणि धंद्याचा व्याप वाढत गेला.

विक्रोळीची जमीन अर्देशीरांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ साली घेतली. त्या वेळी हा भाग १९२० साली निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात, शहराच्या हद्दीबाहेर होता. १९५० साली शहराची हद्द भांडुप आणि जोगेश्वरीपर्यंत गेली, आणि १९५७ साली मुलुंड व दहिसरपर्यंत. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या नव्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. त्यांना बाहेरून कुलूप लावावे तर ठरलेल्या किमतीत बसेना, म्हणून आतूनच बसणारी कळ योजावी लागली. ज्या पेटीत राज्यकर्त्यांचे भवितव्य बंद व्हावयाचे, तिचे कुलूप काटकसरीतून जन्मास यावे, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

उपनगरांनी कुलपाला गिऱ्हाईकही दिले. गिरणगावातल्या चाळीत दार दिवसभर उघडे असे. घरात कोणी नसले तरी गॅलरीत शेजारी असत, आणि कडी-कोयंड्याला अडकवलेले टाळे हे बव्हंशी गावी गेल्याची खूण असे. अंधेरी-बोरिवलीला, घाटकोपर-मुलुंडला जे ब्लॉक उभे राहिले, त्यांत सकाळी पती-पत्नी दोघेही लोकल पकडून कचेरीला जाऊ लागली, आणि दाराआड कोणी उरले नाही. सात लिव्हरचे कुलूप, दाराला लॅच आणि शेजारच्या काकूंकडे जास्तीची किल्ली, ही त्या संसाराची व्यवस्था. वाऱ्याने दार लागले आणि किल्ली आत राहिली, की स्थानकाबाहेरच्या चावीवाल्याला पाचारण करावे लागे. तो कोरी किल्ली मेणबत्तीच्या काजळीवर धरून कुलपात घाली, हलकेच पीळ देई, आणि काजळी जेथे पुसली गेली तेवढ्याच जागी कानस चालवी. त्याला हॉब्जचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विद्या मात्र त्याच घराण्याची.

ब्रामाच्या वर्तुळाचा विसाव्या शतकातला वंशज म्हणजे गोल किल्लीचे नळीदार कुलूप. शिकागोच्या एका कंपनीने चौथ्या दशकात ते 'एस' या नावाने रूढ केले. आपल्याकडे ते शीतपेयांच्या यंत्रांना, दुकानांतील काचेच्या फडताळांना, कचेरीतल्या संगणकाच्या साखळीला दिसते. त्यात बहुधा सात खुंट्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात, प्रत्येकीमागे स्प्रिंग असते, आणि प्रत्येक खुंटी दोन तुकड्यांत दुभंगलेली असते. सर्वांचे सांधे एका पातळीत आले की कुलूप फिरते. साध्या कुलपाच्या खुंट्या एकीमागे एक दडलेल्या असतात. येथे त्या साऱ्या तोंडाशीच उघड्या असल्याने एकाच वेळी चाचपता येतात, आणि तेच या रचनेचे वर्म होय. कुलूपदुरुस्तीच्या व्यवसायात त्यासाठी एक खास हत्यार आहे : नळीच्या कडेने सात सरकत्या काड्या, त्यांना धरून ठेवणारे रबरी कडे. काड्या खुंट्यांच्या प्रतिकाराप्रमाणे मागेपुढे सरकून स्थिरावतात आणि कुलूप उघडते, त्या क्षणी हत्याराच्या तोंडाशी खऱ्या किल्लीची मापे उमटलेली असतात. पदपथावरचा चावीवाला मात्र या भानगडीत सहसा पडत नाही. तो ड्रिल लावून गाभाच काढतो आणि नवे कुलूप बसवून देतो.

२००४ साली अमेरिकेत 'क्रिप्टोनाइट' या नामांकित छापाची सायकलची कुलपे बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात असे उघडकीस आले. मऊ नळी खुंट्यांवर दाबली की तीच किल्लीचा आकार घेई. कंपनीला ग्राहकांची कुलपे फुकट बदलून द्यावी लागली. ब्रामाच्या पट्ट्यांवर पुढे १८१७ च्या सुमारास फसव्या खाचा घातल्या गेल्या होत्या. स्वस्त उत्पादनात असली खबरदारी आणि मापांची काटेकोरी प्रथम गळते. विक्रोळीच्या लिव्हरच्या कुलपाला नळी लागू पडत नाही, पण म्हणून ते अजिंक्य ठरते असे मी म्हणणार नाही.

कायद्याने कुलूप उघडण्याच्या या विद्येकडे चमत्कारिक बारकाईने पाहिले आहे. २०२४ पर्यंत लागू असलेल्या, १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४४५ व्या कलमातील दृष्टांतांत दाराच्या भोकातून तार घालून खिटी उचलणारा मनुष्य होता, आणि घरधन्याची हरवलेली किल्ली सापडल्यावर तिनेच दार उघडणाराही होता. दोघांचेही कृत्य घरफोडीच ठरे, खरी किल्ली वापरली म्हणून सूट नव्हती. मुंबई पोलीस कायदा, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) याचे १२२ वे कलम त्याहून पुढे जाते : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडीचे हत्यार ज्याच्याजवळ सापडेल, त्याने ते बाळगण्यास वाजवी कारण होते हे त्यानेच शाबीत करावयाचे. रात्री अकराला एखाद्या अडकलेल्या कुटुंबाच्या हाकेवरून मुलुंडला निघालेल्या चावीवाल्याजवळ असे कारण असते. पण वाटेत गस्तीच्या शिपायाने पेटी उघडावयास लावली, तर त्याची साक्ष देणारे कुटुंब अजून आपल्या बंद दाराबाहेर जिन्यावर बसलेले असते.