परदेशी स्थपती आणि देशी हात

वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील गाव. तेथील मनुष्याने सोलापुरास आगगाडीत बसावे आणि मुंबईस बोरीबंदरावर उतरावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सोलापुरास लोहमार्ग १८६० साली पोहोचला. बोरीबंदरची भव्य वास्तू १८८८ साली पुरी झाली. ती कोणी बांधली, असे विचारताच एकच नाव सांगण्यात येते. ते उत्तर खरे आहे, परंतु पुरे नाही, असे आम्हांस वाटते.

ते नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे. १८४७ साली इंग्लंडातील बाथ शहरी त्यांचा जन्म झाला. तेथेच चार्ल्स डेव्हिस या स्थपतीजवळ उमेदवारी करून १८६७ साली ते सरकारी बांधकाम खात्यात हिंदुस्थानास आले. मुंबईतील खलाशांच्या विश्रामगृहाने त्यांचा लौकिक झाला आणि रेल्वे कंपनीने आपल्या स्थानकाचे काम त्यांजकडे सोपविले. युरोपातील स्थानके स्वतः पाहून त्यांनी आराखडा सिद्ध केला; १८७८ पासून दहा वर्षे काम चालले. १८८४ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे महापालिकेचे मंदिर व चर्चगेटची रेल्वे कचेरी उभारून १९०० साली त्यांनी मुंबईतच देह ठेवला.

आता स्थानकाचा घुमट पाहा. सुतार लाकडास लाकूड खाचेत गुंतवून सांधतो, तशाच रीतीने येथे दगडी बरगड्या एकमेकींत बसविल्या असून, रचताना खाली लाकडी सांगाड्याचा आधार दिलेला नव्हता. अशी कल्पना कागदावर एकट्याची असेल. दगडात ती एकट्याची राहत नाही. साहाय्यक अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे या कामी स्टीव्हन्स यांच्या बरोबर होते, आणि पुष्कळसे कोरीव काम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. दगड घडविणारे पाथरवट आणि लाकूड सांधणारे सुतार यांची नावे तर कोणाच्या मुखी नाहीत.

स्टीव्हन्स यांचे श्रेय यामुळे तिळमात्र उणे होत नाही. परक्या देशातील कारागिरांवर विश्वास टाकण्याचे औदार्य त्यांच्या ठायी होते, हेच त्यांच्या यशाचे मर्म होय. १९९६ साली स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव लाभले, २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तथापि सोलापुराकडून येणाऱ्या प्रवाशाने त्या घुमटाखाली क्षणभर थांबून स्टीव्हन्स यांच्या बरोबरीने त्या अनाम हातांचेही स्मरण करावे, एवढीच आमची विनंती आहे.